पांढऱ्या पत्र्यावरची अमसुलं

दिल्लीच्या हवामान धोरणातलं ‘अनुकूलन’ साकीनाक्याच्या उतारावरच्या चाळीत पोचलं, ते पांढऱ्या रंगाच्या डब्यांतून. नमुना म्हणून एकाच घराच्या छपराचा पत्रा रंगवायचा होता. सगळ्यात जास्त तापायचा रुक्मिणीचा, म्हणून मान तिला.

रुक्मिणी कुडाळकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हापासून घरी बसून शर्टांना काज-बटण करते. मे महिन्यात मात्र दुपारी घामानं सुई निसटायची, काम ठप्प. रंग लागला आणि भर दुपारी तिनं दोन डझन शर्ट हातावेगळे केले. शेजारची शेवंती दारात थबकली.

“काय गो, एसी लावलंस की काय?”

“रंग लावलाय, रंग! तुझ्यापण पत्र्याला लागेल. योजनेच्या क्षमा मॅडमनी तपासून पास केलं, की उरलेल्या एकोणचाळीस घरांचे डबे आलेच.”

अट एकच. पत्रा स्वच्छ ठेवायचा, वर काही वाळत घालायचं नाही.

पण गावाहून अमसुलांसाठी रातांबे आले. मे महिन्यात पत्रा मोकळा दिसला आणि रुक्मिणीचे हात सवयीनं चालू लागले. रसात भिजवलेल्या साली तिनं जुन्या सुती साडीवर पसरल्या, आई पसरायची तश्शा. अट आठवली ती चौथ्या दिवशी, तपासणीच्या सकाळी. साडी उचलली तर खाली लालभडक डाग, चटईएवढा!

शेवंतीनं शिडीवरून डोकं वर काढलं. “अगो बाय माझे! ह्या काय करून ठेवलंस?”

“ओरडू नको. ब्रश आण.”

दोघींनी तासभर घासलं. लालाचं गुलाबी झालं आणि दुप्पट पसरलं.

दीड वाजता क्षमा उतार चढून आली. पंचविशीची पोर, चेहरा टोमॅटोसारखा. वर जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“काकू, अट काय होती?”

“ठाऊक आहे गं. चूक माझी. पण शिक्षा चाळीला नको.”

“निगा राखली नाही, असं लिहावं लागेल. मग डबे दुसऱ्या वस्तीला जातात.”

शेवंतीचा चेहरा उतरला. रुक्मिणीनं पदर खोचला.

“लिही. पण आधी खाली येऊन टेक जरा. अमसुलाचं सरबत घे, डागाचंच आहे.”

क्षमा हसू दाबत भिंतीला टेकून बसली. पेला रिकामा करून समजावू लागली, “काकू, पंखा कमी चालला, वीज कमी जळली, की धूर कमी. ते शमन. आणि ऊन वाढलं तरी आपण नीट जगायचं, ते...”

“ते काय?”

क्षमाची मान कलली होती, पेन मांडीवर.

शेवंती घाबरली. “चक्कर येऊन पडली की काय?”

“गप! झोपलीय. मे महिन्यात, पत्र्याखाली, दुपारी दोनला!” रुक्मिणीनं सुईत दोरा ओवला आणि पंखासुद्धा बंद केला.

क्षमा दचकून उठली. “बाप रे! किती वाजले?”

“पावणेतीन. हेपण लिही.”

क्षमानं आधी पंख्याकडे पाहिलं, मग शेजारणीच्या घरात डोकावून आली. तिथे उभंसुद्धा राहवेना. परत येऊन तिनं फॉर्म पुढे ओढला. ‘डाग : अमसुलाचा. परिणाम : तपासणारीला पंख्याशिवाय झोप लागली. उरलेली घरं रंगवावीत.’

शेवंतीनं क्षमाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

“अजून एक लिही,” रुक्मिणी म्हणाली. “चाळीच्या मंडळाच्या खोलीचा पत्रा तेवढा रंगवू नका.”

“का?”

“चार दिवस झाले, माझी अमसुलं अजून ओलीच आहेत. पांढऱ्यावर वाळत नाहीत बाई. चाळीत एक तरी तापणारा पत्रा हवा!”

“काकू, त्याला फॉर्मात रकाना नाही.”

रुक्मिणीनं शिवणाच्या डब्यातली पट्टी काढून तिच्या हातात दिली.

“मग आख.”