कागदावरचा नवा बॉयलर

चिमूरकडच्या त्या धान गिरणीतला स्फोट इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकात मी तिथे ठाणेदार होतो. वाफेवर धान उकडून उसना तांदूळ काढणाऱ्या एका कंपनीत बॉयलर फुटला आणि तो चालवणारा कामगार जागीच गेला.

मालकाने चहा पाजला आणि कंपनीचा ताळेबंद समोर ठेवला. स्थिर मालमत्तेत ‘नवीन बॉयलर’ अशी नोंद, खाली सही-शिक्का. नवं यंत्र फुटलं म्हणजे चूक चालवणाऱ्याची, हे मला लगेच पटलं. शिक्क्यापुढे आम्ही पोलीसही मान डोलावतो. ‘मयताच्या निष्काळजीपणामुळे’ असं मीच पहिल्या खबरेत, म्हणजे एफआयआरमध्ये, लिहिलं. त्या शब्दांवर बोट ठेवून मालकाने भरपाई नाकारली.

आठवड्याने मयताची बायको ठाण्यात आली. रडली नाही. म्हणाली, “नवा बॉयलर आला असता त नारळ फुटला असता, साहेब. गिरणीत मोटार बदलली तरी पेढे वाटतेत. आमच्या घरी कोनते पेढे आले?”

मी दोन पंच घेऊन पुन्हा गिरणीत गेलो. फुटलेल्या पत्र्यावरचा चकचकीत रंग खरवडला, तर खाली परवान्यात नोंदलेल्या जुन्या बॉयलरचाच नंबर निघाला.

मग हिशेबनिसाला बोलावलं. तो पत्रा टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो. भित्र्या माणसाला प्रश्नापेक्षा शांतता जड जाते. थोड्या वेळाने तोच बोलू लागला. नव्या बॉयलरसाठी बँकेचं कर्ज काढून मालकाने ते दुसरीकडेच वापरलं होतं आणि जुन्यालाच रंग दिला होता. बॉयलर गळतो, हे सांगायला मयत तीनदा या हिशेबनिसाकडेच आला होता.

“दुरुस्ती कुठी लिहू, साहेब? कागदावर त तो नवाच होता. खर्च दाखवला असता त बँकेनं विचारलं असतं. म्या त्याले म्हनलं, चालव अजून थोडे दिवस.”

त्या जबाबावर सही घेताना मला माझीच पहिली खबर आठवली. मालकाने खोटं लिहिलं ते जाणूनबुजून. मी मात्र यंत्राला हात न लावता लिहिलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहिली नाही, पण त्या मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मालकावर दोषारोपपत्र गेलं, भरपाईही मिळाली. मग ती बाई पुन्हा ठाण्यात आली.

“पैसे भेटले, साहेब. पन तुमच्या पहिल्या कागदात माह्या मानसाची चुकी अजून हायच काय?”

पहिली खबर खोडता येत नाही. मी खाली बघून हो म्हणालो.