माळावरच्या बाभळी आणि शिवातात्या

ऐंशी सालाच्या आगेमागचा एक बुधवार. कळंब्याच्या पुढं मामानं प्लॉट पाडायला माळ घेतला होता आणि मी चुन्याचा डबा घेऊन तोडायच्या बाभळींवर फुल्या मारत हिंडत होतो...

कॉलेज सेकंड इयरलाच सोडलेलं. माझी... म्हणजे माझी कुठली, तिचं लग्न गडहिंग्लजला ठरलं होतं. डोकं सदा तापलेलं. मामा म्हणाला, माळ साफ करायचा प्लॅन तूच कर. केला. गुरुवारी तोड, शुक्रवारी सगळं पेटवायचं, रविवारी गिऱ्हाइकं प्लॉट बघायला येणार.

तेवढ्यात कातडी कमावणारे शिवातात्या आले.

"पावणं, पेटवू नका. दोन दिस द्या, साल तेवढी काढून घेतो की. कातडी चुन्यातनं काढल्यात, आता बाभळीची साल न्हाय मिळाली तर कुजून जात्यात."

"प्लॅन ठरलाय. निघा!" बापाच्या वयाच्या माणसावर मी खेकसलो.

ते गेले नाहीत. एका झाडापाशी थांबले. "हिच्यावर फुली न्हाय?"

त्या बाभळीला सायकल टेकवून ती उभी राहायची...

इतक्यात मामा आला. ती बाभळ नेमकी रस्त्याच्या आखणीत. "ही का ठेवली रे शहाण्या?" मी चुन्याचा डबा ढवळायला लागलो.

"मीच म्हणलो मालक, ऱ्हाऊ द्या म्हणून," तात्या म्हणाले.

मामानं त्यांना नको नको ते सुनावलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

मला राहवेना. "मामा, झाड मी ठेवलंय. आणि पेटवायचं शनिवारी, आधी साल निघू दे."

मामा बघतच राहिला. "शनिवारी माळ साफ दिसला न्हाय, तर तुलाच गाडीन!"

त्या बाभळीवर शेवटची फुली मीच मारली. मग दोन दिवस तात्या, त्यांची बायको म्हणजे काकू आणि मी ओली साल सोलत होतो. हात काट्यांनी फाटले. "कॉलेजात हे शिकवत न्हाईत व्हय?" काकू हसायच्या. कातडी वाचली.

तिच्या लग्नात गडहिंग्लजला जाऊन राडा घालायचं मी ठरवलं होतं. त्या दोन दिवसांत साल सोलताना रागाच्या भरात तात्यांपाशी बोलूनही गेलो होतो...

लग्नाच्या दिवशी पहाटेच तात्यांचा निरोप आला. हौदातली कातडी उलटायला माणूस कमी पडतंय, लगेच या. गेलो. दिवसभर सालीच्या त्या लाल पाण्यात उभा होतो.

माणूस काही कमी पडत नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.