बॅकस्लॅश राहिला आणि बुधचा टँकर चुकला

मंडळी, आज माझ्या हातनं माझ्याच गावाचं नाव पुसलं गेलं.

पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या मी सांगलीत बसून कॉम्प्युटरवर लावतो. गावांच्या नावातलं ‘बु.’ रेजेक्स, म्हणजे शब्द शोधून बदलायचा नमुना, लिहून सगळीकडे ‘बुद्रुक’ करायचं होतं. टिंबाआधी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, द्यायचा राहिला. तो नसला की कॉम्प्युटरला टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. आमचं वडूजकडचं ‘बुध’सुद्धा ‘बुद्रुक’ झालं. ड्रायव्हरनं वाटेतल्या पहिल्याच बुद्रुकात टँकर रिकामा केला.

दुपारी चुलतीचा फोन. “आरं, टँकर कवा यायचा? आमी सकाळधरनं हंडं मांडून बसलोय.”

“बघतो,” म्हणालो.

बॅकस्लॅश टाकला, नाव जागेवर आलं. दुसरा टँकर आज मिळणार नाही.

एका टिंबापायी पाणी गेलं, हे तुम्ही घरी कसं सांगितलं असतं? तिचा पुन्हा फोन येतोय.