साल असेल तेवढंच

ओल्या वाळ्याचा गंध आणि भाजलेल्या कैरीचा आंबटगोड दरवळ यांनी महाल भागातल्या आमच्या घराची दुपार भरून जाते, तेव्हा नागपूरचा उन्हाळा ऐन भरात आलेला असतो. बाहेर रस्ता निर्मनुष्य, आत कूलरची अखंड घरघर. एके काळी किती सुखाचा वाटायचा तो आवाज! आता कूलर लावण्याआधी मी दहादा विचार करते, कारण माझ्या धाकट्या भावाला, दिलीपला, त्या घरघरीत माणसे बोलताना ऐकू येतात.

दिलीप गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होता. नुसत्या बोटांनी चाचपून सुताचा कस सांगणारा, गिऱ्हाइकाला हसवत हसवत चार साड्या जास्तीच्या घ्यायला लावणारा हा बोलका माणूस चार वर्षांपूर्वी हळूहळू गप्प झाला. मग कळले, तो गप्प नव्हता, ऐकत होता. घरचेच तुझ्या अन्नात काहीतरी कालवतात, असे ते आवाज त्याला सांगत. पहिले वर्ष मी त्याच्याशी भांडण्यात घालवले. कुठे आहेत ती माणसे, दाखव मला, असे ओरडून काय साधले मी? अंगात ताप असलेल्याला तुला ताप नाहीच म्हणून पटवता येते का? शेवटी त्याच्या मनाच्या आजारावर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावले की वाद घालू नका, खोटा होकारही देऊ नका. मला ते आवाज ऐकू येत नाहीत, पण तुझी भीती मला दिसते, एवढेच म्हणा. मी तसे म्हटले, आणि कितीतरी दिवसांनी तो आपणहून माझ्या शेजारी येऊन बसला. आई-वडिलांच्या माघारी या जगात त्याचा विश्वास एकट्या माझ्या हातावर उरला होता.

आणि त्या हाताने मी काय करावे? तो गोळ्या थुंकून टाकू लागला, दोनदा भर उन्हात अनवाणी घराबाहेर पळाला, तेव्हा माझा धीर सुटला. डॉक्टरीणबाईंना न विचारताच मी गोळी खलात कुटून त्याच्या पन्ह्यात मिसळू लागले. कैरीच्या आंबटपणात आणि वेलचीच्या वासात तो कडवटपणा बेमालूम लपे. रोज तो विचारी, यात काही टाकले नाही ना. रोज मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेई. त्याचे डोळे जरा निवळलेत, झोप लागू लागली आहे, असे मी मनाला सांगत राही. आपल्या माणसाला फसवताना कारणांची वानवा कधी पडते का?

गेल्या वैशाखात एका दुपारी दोघांसमोर दोन पेले होते. त्याने आपला पेला अलगद माझ्याकडे सरकवला.

"आज माझा गिलास तू पे वं, ताई."

मी थबकले. क्षणभरच, पण ज्याचे सारे आयुष्य ऐकण्यात आणि पारखण्यात चालले आहे, त्याला तेवढा क्षण पुष्कळ झाला.

"म्हणजे ते खरंच सांगून राहिले होते," तो म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नाही. मी खोटी ठरले आणि ते आवाज खरे ठरले, तेही माझ्याच हाताने! याहून मोठा पराभव मला ठाऊक नाही.

तेव्हापासून तो साल असेल तेवढेच खातो. केळी, उकडलेली अंडी, भुईमुगाच्या शेंगा. तेही स्वतः सोलून. गोळ्या सुटल्या. तो वाळत चालला आहे, आणि मी बघते आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, कबुली द्या, घाई करू नका, विश्वासाला वेळ लागतो. किती वेळ लागतो, हे त्यांनाही सांगता येत नाही.

काल धीर करून त्याच्यापाशी बसले आणि सगळे सांगितले. मीच टाकत होते, तू हातचा जाशील या भीतीने टाकत होते, शपथा खोट्या होत्या, असे म्हणता म्हणता मला रडू कोसळले. तो शांतपणे ऐकत होता. वाद नाही, दोष देणे नाही. मग माझ्याकडे वाकून, कोणी ऐकू नये अशा बेताने त्याने विचारले, "तुले बी भेव दाखवून राहिले काय वं ते?"

त्याने घडातले एक केळे तोडले, सावकाश सोलले आणि अर्धे माझ्या तळहातावर ठेवले.

"खाय, ताई. याले तुहा हात नाही लागला."