भिंगरीची जास्तीची फेरी

तिचं खरं नाव कागदपत्रांत आहे, ते तिथंच राहू द्या. लहानपणी तिला सगळे भिंगरी म्हणायचे. बाप एका गोदामावर पहारेकरी होता. गोदामामागे मोकळं मैदान होतं आणि ही पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकून त्या मैदानाला फेऱ्या मारत सुटायची. का, तर उगाच! दिवेलागणीला बाप फाटकातून हाक मारायचा, "भिंगरे, पुरे आता!" ही ऐकू न आल्याचं सोंग करायची आणि आणखी एक फेरी मारायची. बापालाही ते ठाऊक होतं. म्हणून तो हाक एक फेरी आधीच मारायचा.

बाप जाऊन सात वर्षं झाली. त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही.

आता ती चौतिशीची, दोन लेकरांची आई. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीखाली पायाने चालवायचं शिलाई मशीन. उशांचे अभ्रे शिवते. नवरा कामावर आणि थोरली शाळेत गेली की मशीनवर बसते, ती संध्याकाळी सहाला कारखान्याचा माणूस गठ्ठा न्यायला येईपर्यंत. धाकटं सासूच्या मांडीवर. आणि खिडकीतून काय दिसतं? रस्त्यापलीकडच्या शाळेचं मैदान! समोर नुसती भिंत असती तर बरं झालं असतं, माणूस मुकाट मान खाली घालून बसलं असतं. दोरा संपला की ती वर बघायची आणि रीळ बदलायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लावायची. सासूच्या ते लक्षात यायचं. सासू बोलायची मात्र काही नाही.

मग दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या डोक्यात एक खूळ शिरलं. चांगलं खूळ होतं, नाही म्हणत नाही. "कंबर, गुडघे, साखर, सगळ्याचं रडगाणं माझ्याकडे आणता," त्या वस्तीतल्या आयांना म्हणाल्या. "आता माझं ऐका. रोज पाचला मैदानात यायचं, अर्धा तास चालायचं." प्रत्येकीला त्यांनी पावलं मोजणारा एक पट्टा दिला. बायकांच्या कपड्यांना खिसे कुठले असायला, म्हणून तो घोट्याला बांधायचा. महिनाभराने परत करायचा.

भिंगरीने पट्टा घेतला तो जवळजवळ हिसकावूनच. घरी येईपर्यंत तिने मनातल्या मनात चार फेऱ्या मारल्याही.

पण पाचला जाणार कशी? सहाला गठ्ठा तयार पाहिजे. पहिल्या दिवशी पाच वाजले, बायका हसत खिदळत खाली जमल्या, आणि हिचे तीस अभ्रे बाकी. दुसऱ्या दिवशी पंचवीस. "उद्या नक्की," असं रोज स्वतःलाच सांगायची, पट्टा मात्र सकाळी उठल्या उठल्या बांधायची. पहिल्याच दिवशी निजताना तिने आकडा पाहिला आणि डोळे चोळले. एकोणीस हजार पावलं!

मशीनचं पायडल, दुसरं काय. दिवसभर पाय खालीवर, खालीवर, आणि पट्टा बापडा इमानाने मोजतोय. काढून ठेवायला हवा होता, हे तुम्हाला कळतं, मला कळतं, तिलाही कळत होतं. पण नाही काढला. आपले पाय दिवसभर राबतात याची कोणीतरी नोंद ठेवतंय, एवढंच तिला गोड वाटलं. शेजारीण दर शनिवारी सगळ्यांचे आकडे नर्सबाईंना कळवायची, तिने हिचाही कळवून टाकला.

तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई तीन जिने चढून दारात हजर. धापा टाकत, पण चेहरा खुललेला.

"कुठे आहेत त्या? अहो, वस्तीत पहिला नंबर तुमचा! मैदानात तर दिसत नाही तुम्ही. पहाटे चालता का?"

"चालते कसली!" सासू म्हणाली. "त्या स्टुलावरून दिवसभर हलत नाही ती."

नर्सबाईंची नजर पायडलवर गेली, मग घोट्यावर. चेहरा पडला. "म्हणजे हे सगळं खोटं?"

भिंगरीने पट्टा सोडला आणि त्यांच्या हातात दिला. तिला रडू कोसळलं. "पाय तर माझेच हलत होते ना, बाई. दिवसभर हलतात. पोचत कुठेच नाहीत."

धाकट्याने रीळ तोंडात घालायचं थांबवलं.

"पाचला का येत नाही?" नर्सबाईंनी हळू विचारलं.

"सहाला गठ्ठा जातो. पाचची वेळ कोणी ठरवली?"

"मीच," त्या ओशाळून म्हणाल्या. "पाचला माझी ड्यूटी संपते." मग त्यांनी तो पट्टा परत तिच्या घोट्याला बांधला, अगदी खाली बसून. "उद्यापासून सव्वासहा. मी थांबेन."

"सव्वासहाला चूल असते, बाई. पोरं असतात."

तेव्हा सासूने घसा खाकरला. "चूल मी बघते." सुनेकडे न बघताच बोलत होती. "लग्नात तुझे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आमच्या भिंगरीला जरा मोकळं सोडत जा. मी हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी विसरले. विसरले म्हणजे काय, लक्षात ठेवलं नाही."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा गेला आणि भिंगरी खाली उतरली. बायका गप्पा मारत चालू लागल्या, ही आधी त्यांच्यासोबत, मग थोडी पुढे, आणि मग पळतच सुटली. चप्पल निघाली, ती तिथेच राहिली. अर्ध्या फेरीतच छाती भरून आली, कुशीत कळ आली. लग्न झाल्यापासून सोळा वर्षं बसलेलं शरीर, ते काय लगेच ऐकतंय? ती थांबली, चालली, परत पळली. गोदामामागचं मैदान यापेक्षा मोठं होतं की आपण लहान होतो, हे काही तिला आठवेना. बापाची मात्र फार आठवण आली.

अंधारून आलं. बायका पांगल्या, नर्सबाईही फाटकाशी येऊन थांबल्या. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून, धाकट्याला कडेवर घेऊन, सासू अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"भिंगरे, पुरे आता!"

भिंगरीला स्वच्छ ऐकू आलं. तिने वर पाहिलंच नाही. पदर खोचला आणि आणखी एक फेरी मारायला निघाली.