गलबतातली दारू

“वरचं राहू द्या, खाली काय आहे?” असं म्हणत काका कुठल्याही पिशवीत हात घालायचे. इथं अमेरिकेत, हर्नडनच्या इंडियन ग्रोसरीत तांदळाची पोती उचलून बघायचे. दुकानदार वैतागायचा. काका म्हणजे ऑफिसात माझ्या टीममधल्या मित्राचे वडील, कस्टम्समधून रिटायर झालेले. उभी हयात रत्नागिरीच्या समुद्रात संशयित बोटी अडवण्यात गेलेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, सवय सुटत नाही.

मुलाकडे येताना त्यांनी मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वी बंडवाल्यांकडे निघालेलं एक गलबत सरकारी आरमारानं कोकण किनाऱ्यावर पकडलं, त्याची हकिगत. वर नारळ, खाली दारूची पिंपं.

“अरे, नुसत्या नारळानं गलबत एवढं खोल बसतं होय पाण्यात?” ते असे खुलायचे, जणू ते स्वतःच त्यावर चढले होते.

२००५च्या गणपतीत इथल्या मराठी मंडळानं ती हकिगत सांगायला त्यांना वीस मिनिटं दिली. महिनाभर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. इथल्या मुलांसाठी इंग्रजी स्लाइड्स मी करायच्या होत्या.

“एकदा मला दाखव हं,” ते दोनदा म्हणाले.

“डोन्ट वरी काका, त्यात काय दाखवायचं!” मोठा शहाणा मी.

पडद्यावर ‘बंडखोरांसाठी लिकर’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ झळकली आणि हॉलमध्ये हशा पिकला. “काका, ब्रँड कुठला?” कुणीतरी ओरडलं. ती दारू तोफा-बंदुकांची होती. ‘दारूगोळा’ हा शब्द मी शाळेत शंभरदा वाचला होता, तरी डोक्यात प्यायचीच आली.

“स्लाइड कुणी केली यार?” मित्र चिडून विचारत होता. मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माइकवर म्हणाले, “माझीच चूक. बंदुकीची दारू, बाळांनो.” पण ऐकतंय कोण? पाचव्या मिनिटाला त्यांनी कागद आवरले.

मला लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही. नंतर पार्किंगमध्ये माफी मागायला गेलो, तर म्हणाले, “तुला इथं राहायचंय. मी काय, जाणार परत.” आणि दोन महिन्यांत गेलेही.

पुढं दोन वर्षांनी मंडळाची मेल आली: ‘आपले लाडके दारूवाले काका गेले.’ खरं काय ते सगळ्यांना सांगायला एक ओळ पुरली असती. मी ‘फार वाईट वाटलं’ एवढंच लिहिलं आणि सेंड केलं.