गुरुवारची काकडी

नोकरी गेल्याचं मी बायकोला एकवीस दिवस सांगितलं नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून घराजवळच्या हौगांग स्टेशनातून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडायचो. वन-नॉर्थच्या ऑफिसला जायला सेरंगूनला गाडी बदलावी लागते. मी ती न बदलता स्टेशनाबाहेर पडायचो. दुपारपर्यंत लायब्ररीत बसून अर्ज पाठवायचे आणि बारा वाजता सुशीच्या दुकानात जायचं, एवढंच आता माझं ऑफिस.

नोकरीबरोबर या परक्या देशात राहायचा पासही रद्द झाला होता. तीस दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. मुलीची शाळेतली मोठी परीक्षा त्यानंतर, पाचव्या आठवड्यात होती. अर्जांना उत्तरंच येत नव्हती. मी पार घाबरलो होतो. बायकोनं नुसतं "लक्ष कुठंय तुझं?" विचारलं, तरी तिच्यावर खेकसायचो.

ते दुकान म्हणजे आमचं घरचंच. मुलगी मांडीवर बसायची तेव्हापासून आम्ही तिथं जातोय. आठ-दहा जणांपुरतं लाकडी काउंटर, पलीकडे जपानी म्हातारा, त्याची सुरी आणि त्याचं गप्प राहणं. पहिल्याच वर्षी बायकोनं त्याला बजावलं होतं, आमच्याकडे गुरुवारी मासे चालत नाहीत. तेव्हापासून गुरुवारी गेलो की न विचारता काकडीची सुशी पुढ्यात यायची. मी देवाचं फारसं काही करत नाही, पण गुरुवार कधी मोडला नव्हता.

एकविसाव्या दिवशी मी बसल्या बसल्या बांगडा मागितला. म्हाताऱ्याची सुरी थांबली.

"टुडे थर्सडे," तो म्हणाला. "नो फिश."

कामाला जाणारा माणूस वार विसरतो होय! वार मोडला असता याची भीती नव्हती, आपण पकडले गेलो याची होती. उगाच हसून म्हणालो, "सॉरी, बिझी वीक."

त्यानं काकडीची सुशी मांडली. मग फडक्याला हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंडे, युवर वाइफ कम. शी से, थर्सडे, ही विल फरगेट. शी टेल मी, यू रिमेंबर."

सोमवारी बारा ते एक मी त्याच खुर्चीत होतो. ती माझ्यानंतर आली असणार.

बाहेर येऊन तिला फोन लावला. "अगं..." एवढंच म्हणालो.

"काकडी खाल्लीस ना?" तिनं विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"माझा पास तुझ्याच नोकरीवर आहे, विसरलास? रद्द झालेला दिसला फोनवर. डबा नको म्हणायला लागलास, तेव्हा जेवतोस कुठं तेही कळलं. तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होते रे."

भर फुटपाथवर मी रडत होतो. माणसं वळसा घालून जात होती. "नऊच दिवस राहिलेत गं," मी म्हणालो.

"मोजलेत मी," ती म्हणाली. "घरी ये आता. सामान भरायला पलंगाखाली खोकी आणून ठेवलीत. पोरगी शाळेतून यायच्या आत तिला काय सांगायचं ते ठरवू."